कोऱ्या कापडाचा गोट

वाकळ बघायची तर आधी तिचा काठ बघावा, मधल्या ठिगळांच्या नक्षीला भुलू नये, हे मी आजवर इतक्या बायकांना सांगितलंय की माझ्या सुना आता मी तोंड उघडायच्या आतच ते वाक्य पुरं करतात. करू देत. शहरातले लोक तिला गोधडी म्हणतात, आमच्या उमरग्याच्या बाजूला वाकळच म्हणतात, आणि वाकळ मधून कधी फाटत नाही, ती काठापासून जाते. रोज अंगावर ओढायची, पायानं ढकलायची, दगडावर आपटून धुवायची. सगळा मार काठ खातो. म्हणून त्याला वेगळ्या कापडाची पट्टी गुंडाळून शिवायची, तिला गोट म्हणतात. तो आपल्या हातानं कापलेला, घडीचा, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा गोट मला जसा जमतो तसा या जिल्ह्यात फार बायकांना जमत नसेल. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, बढाई मारायला मला वेगळं कारण लागत नाही. पण हा हात मला कसा मिळाला ते सांगायचं तर एक खोटं बोललेलं आधी सांगावं लागेल, आणि ते मी पोरांना इतकी वर्षं सांगितलेलं नाही.

आमचं घर हायवेपासून दोन गल्ल्या आत होतं. पुढच्या खोलीत अप्पांची पिठाची गिरणी आणि मागं आम्ही. दिवसभर गिरणीचा पट्टा फटफटत असायचा, त्यात सोलापूरकडून येणारे ट्रक उतारावर हॉर्न देत यायचे, त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलायला शिकलंच नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, हुमनाबादकडची. शांत असली की मराठी बोलायची आणि चिडली की कन्नड, त्यामुळे मला कन्नडमधले सगळे रागाचे शब्द येतात आणि मायेचे एकही येत नाहीत. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ती चुलीपुढं बसली की धपाट्यांचा वास गिरणीपर्यंत जायचा. दळण घेऊन आलेल्या बायका म्हणायच्या, तुमच्या घरी दळण लवकर होत न्हाय ते बरंच हाय, वासानं तरी पोट भरतंय. शेंगांची चटणी अव्वा पाट्यावर वाटायची, आणि ती पाट्यावरून निपटून घ्यायचं काम माझं, कारण निपटताना खाता यायची.

उन्हाळ्यात, बायकांना जरा उसंत मिळाली की वाकळा निघायच्या. वर्षभर साठवलेली जुनी लुगडी, अप्पांची धोतरं, विटलेल्या इरकली साड्या, सगळं धुऊन अंगणात अंथरायचं. चारी कोपऱ्यांना दगड ठेवायचे आणि एकावर एक थर लावून मध्यभागापासून बाहेर धावदोरा घालत यायचं. काठाशी आलं की बहुतेक बायका कंटाळायच्या. खालचं लुगडं दोन बोटं मोठं ठेवलेलं असायचं, तेच वर दुमडून शिवायचं आणि मोकळं व्हायचं. अव्वाही तसंच करायची. दोन पावसाळ्यांत तो दुमडलेला काठ झिजायचा, आतले थर माशाच्या कल्ल्यासारखे उघडायचे आणि मग त्यावर ठिगळ लागायचं. वाकळीची हीच रीत असं मला वाटायचं.

गोट म्हणजे काय ते मला चाचीनं दाखवलं. हुसेनबी चाची आमच्या मागच्या गल्लीत राहायची. तिचा नवरा हायवेवर ट्रकच्या ताडपत्र्या आणि सीटा शिवायचा, आणि चाची घरी हाताच्या मशीनवर लोकांच्या वाकळांना गोट घालायची. मला चौदावं संपलं तेव्हापासून मी दुपारी तिच्याकडे बसायला लागले. तिनं पहिल्या दिवशी मला कात्री दिली नाही, एक रुमाल दिला. म्हणाली, "सरळ खींच." ओढला, ताणला नाही. "अब तिरछा खींच." कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढला, तर रुमाल रबरासारखा लांबला. "बस, यहीच हाय सगळं," चाची म्हणाली. सरळ कापलेली पट्टी वळणावर अडते आणि चुण्या पाडते. तिरपी कापलेली पट्टी, जिला शिंपी उरेप म्हणतात, ती कोपऱ्यावरून वळते आणि झिजतही उशिरा, कारण तिच्या घडीची झीज एकाच दोऱ्यावर येत नाही. कापडाचं टोक धरून समोरच्या काठाला न्यायचं, त्रिकोण झाला की घडीची रेघ धरून चार चार बोटांच्या पट्ट्या कापायच्या. दोन पट्ट्या जोडताना एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवायच्या आणि तिरपी शिलाई मारायची, म्हणजे जोडाची गाठ एका जागी बसत नाही. मग पट्टीच्या दोन्ही कडा मध्ये दुमडायच्या आणि वरून निखारे घातलेला पितळी तांब्या फिरवायचा. हे सगळं झाल्यावर जी लांबच लांब पट्टी हातात येते तिचा मला अजून मोह पडतो. माझी नात परवा मोबाईलवर कुणा परदेशी बाईचा व्हिडिओ दाखवत होती, ती काचेच्या पट्टीनं आणि चाकाच्या कात्रीनं हेच करत होती. मी म्हटलं, बाई हुशार आहे, फक्त सामान फार आहे.

अव्वाला हे सारं पटत नव्हतं. तिरपं कापलं की कोपऱ्यांचे तुकडे वाया जातात. "चांगलं कापड आडवं-तिडवं कापायलीस, माजलीस व्हय गं?" ती म्हणायची. पण एकदा चाचीनं घातलेला गोट तिनं उलटसुलट करून पाहिला आणि नंतर काही बोलली नाही. आमच्या घरात काही न बोलणं म्हणजे मोठीच शाबासकी होती.

त्या उन्हाळ्यात माझी मोठी बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. तिचं सासर ढोकीचं, नवरा साखर कारखान्यात कामाला. तिची सासू मूळची तेरची, आणि वाकळ शिवण्यात त्या बाजूला तिचा शब्द शेवटचा होता. लग्नात आम्ही दिलेल्या वाकळा तिनं मांडवात सगळ्यांदेखत उलगडल्या होत्या आणि काठावर बोट फिरवून एवढंच म्हणाली होती, "बरं हाय. वापरू की ओ." ते 'वापरू की ओ' अव्वाच्या इतकं जिव्हारी लागलं होतं की दोन वर्षं ती ते पीठ मळताना स्वतःशी म्हणायची. आता अक्काला मुलगी झाली होती, आणि तीन महिन्यांनी लेकरू सासरी जाताना पाळण्याबरोबर माहेरची वाकळ जायची होती. मी जाहीर केलं की या वाकळीला गोट मी घालणार. विहीणबाईंनी बोट फिरवावंच, कुठं अडतंय ते बघू.

वाकळ झाली सुरेख. थर सगळे जुन्या मऊ लुगड्यांचे, कारण तान्ह्या लेकराला कोरं कापड घालत नाहीत, टोचतं. पण गोटासाठी माझ्या डोळ्यांत अप्पांनी बाजारातून आणलेलं तांबडं कोरं कापड भरलं होतं. त्या रंगापुढं जुनी लुगडी विटलेली दिसत होती, आणि काठ लेकराच्या अंगाला कुठं लागतोय, असं मी अव्वाला पटवलं. चाचीनं कापड बघून एकच गोष्ट सांगितली, "कोरा हाय बेटा. आधी पानी दिखाव. रातभर भिजवून ठेव, दोनदा पिळ, मग काप." आमच्या घरात वाकळीचं कापड म्हणजे शंभर धुण्यांतून निघालेलं, त्यामुळे कापायच्या आधी काही भिजवायचं असतं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मला ते नकोच होतं. खळ असलेलं कोरं कापड कसं कडक घडी घेतं! भिजवलं की ते लोळागोळा होणार आणि रंगाची झळाळी जाणार. मी ते तसंच कापलं. पट्ट्या इतक्या धारदार बसल्या की मला वाटलं, चाची जुन्या वळणाची आहे, तिला सगळंच भिजवायची सवय आहे. शिवताना कोपऱ्यांवर पट्टी जरा ताणून घेतली, म्हणजे चुणी पडू नये. एकही पडली नाही.

गोट पुरा झाला त्या दुपारी मी आणि अव्वा वाकळ घेऊन चाचीकडे गेलो. चाचीनं ती मांडीवर घेतली, काठ अंगठ्याखालून चारी बाजूंनी फिरवला, कोपऱ्यांवर थांबली आणि मला विचारलं, "पानी दिखाई क्या?"

"व्हय," मी म्हणाले.

चाचीनं माझ्याकडे पाहिलं, मग अव्वाकडे पाहिलं, वाकळीची घडी घातली आणि म्हणाली, "हाथ अच्छा हाय लडकी का." अव्वानं घरी येऊन मला गूळ-तुपाची भाकरी दिली आणि मी ती खाल्ली. दोन दिवसांनी अक्का लेकराला घेऊन ढोकीला गेली.

महिन्याभरानं अक्काचा दीर काही कामानं उमरग्याला आला आणि त्यानं पिशवीतून वाकळ काढून आमच्या ओट्यावर ठेवली. दळणाला आलेल्या चार-पाच बायका तिथंच होत्या. वाकळ ओट्यावर पसरेना. पहिल्याच धुण्यात काठ आटला होता आणि मधल्या भागाला झोळ आला होता. चारी बाजू वर उचललेल्या, मध्ये खळगा. तांबडा रंग हातभर आत उतरला होता. दीर बिचारा गरीब स्वभावाचा, खाली बघून निरोप सांगत होता. "आईनं इचारलंय, ही वाकळ हाय का परात." पुढचं त्याला सांगवेना, पण सांगावं लागलं. लेकरानं वाकळ ओली केली आणि त्यातच निजल्यामुळं त्याचा गाल आणि मान लाल झाली. घरात सगळ्यांना वाटलं गोवर. अक्का रडत रडत पोर घेऊन दवाखान्यात गेली, आणि डॉक्टरनं ओला कापूस फिरवल्यावर सगळा गोवर कापसावर आला. कंपाउंडरसकट सगळे हसले म्हणे. आज मलाही हसू येतं, पण त्या दिवशी अक्का त्या घरात कशी उभी असेल हेच माझ्या डोळ्यांपुढं येत होतं.

"कुणी घातलाय गोट?" एका बाईनं विचारलं.

"हुसेनबीनं शिकवलंय न्हाय का हिला," दुसरी म्हणाली.

मी गप्प राहिले. अव्वा मला वाचवायचं म्हणूनच म्हणाली, "आता शिकवणारीनंच असं शिकवलं तर पोर काय करंल." एवढं वाक्य पुरलं. दोन दिवसांत गल्लीत झालं, हुसेनबीचा गोट आटतो. ज्यांच्या वाकळांना तिनं दहा दहा वर्षांपूर्वी गोट घातला होता आणि तो अजून ताठ होता, त्याही बायका हेच म्हणू लागल्या. चाचीच्या कानावर गेलंच. मी तिच्याकडे जायचं बंद केलं नव्हतं, कारण बंद केलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. कुणी तोंडावर बोललं तर म्हणायची, "गलती हुई असंल माझी."

एका दुपारी मी तिच्याकडे बसले असताना गल्लीतली एक बाई आली आणि तिची अर्धवट वाकळ परत मागू लागली. तीन बाजूंना गोट घालून झाला होता, चौथी राहिली होती. "राहू दे चाची, मी घरीच दुमडून घेते," बाई म्हणाली. चाचीनं सुई काढली, उरलेली पट्टी गुंडाळून तिच्याच दोऱ्यानं बांधली, वाकळीच्या घडीत ठेवली आणि दोन्ही हातांनी दिली. मग मशीनवर कापड झाकलं. भर दुपारी, काम करायच्या वेळेला, तिनं मशीन झाकलं. मी तिथून उठून घरी आले.

अव्वा भाकरी थापत होती. मी तिच्यासमोर बसून सांगून टाकलं. चाचीनं भिजवायला सांगितलं होतं, मी भिजवलं नाही, आणि विचारलं तेव्हा व्हय म्हणाले. अव्वाचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती तशीच बसली. मग कन्नडमध्ये जे सुरू झालं ते मी इथं लिहीत नाही. मी रडायला लागले तेव्हा "सुम्न कुंद्र!" म्हणून ओरडली, म्हणजे गप बस, आणि मग मराठीवर आली. "म्या पण बोलले की गं त्या बाईबद्दल. सगळ्यांदेखत बोलले." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

"मी आत्ता चाचीला जाऊन सांगते," मी म्हणाले.

"नुसत्या तोंडानं जाऊन काय सांगशील? आधी ढोकीला चल. तिचं नाव तिथल्या निरोपानं खराब झालंय, तिथनंच नीट व्हाया पायजे."

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून, उस्मानाबादला गाडी बदलून आम्ही ढोकीला गेलो. आता धाराशिव म्हणायचं, पण त्या प्रवासाला माझ्या तोंडी उस्मानाबादच येतं. वाकळ माझ्या मांडीवर होती. तुळजापूर आलं तेव्हा अव्वानं दशमी काढून माझ्या हातात दिली.

अक्काची सासू ओसरीत गहू निवडत होती. शेजारच्या दोघी होत्या. अक्का दारात लेकरू घेऊन उभी राहिली, आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला आणि पिशवी बघून लगेच उतरला. मी पाया पडले आणि उभ्यानंच म्हणाले, "मावशी, गोट म्या घातला. हुसेनबी चाचीनं कापड भिजीव म्हणून सांगितलं होतं. म्या आयकलं न्हाय, आन तिला खोटं सांगितलं. तिची काही चूक न्हाय, अक्काची न्हाय, अव्वाची पण न्हाय."

मावशीनं सूप खाली ठेवलं. "का भिजीवलं न्हाईस?"

"रंग गेला असता."

"कुणाला दाखवायचा होता रंग?"

"तुमाला."

शेजारच्या बायका हसल्या. मावशी हसली नाही. तिनं वाकळ ओढून घेतली, एक कोपरा उलटा केला, आतल्या बाजूची शिलाई नखानं चाचपली. मग आतून कात्री आणून माझ्यापुढं टाकली. "उसव. सगळा. माझ्यापुढं बसून."

मी उसवायला बसले. अक्कानं शेंगांची पोळी आणून ठेवली, ती तशीच राहिली. शेवटचा टाका निघाला तेव्हा उन्हं कलली होती आणि वाकळ माझ्या डोळ्यांसमोर सपाट झाली. मावशीनं तिच्यावर हात फिरवला आणि अव्वाला म्हणाली, "पोरीचा हात चांगला हाय, इहीणबाई. पर ह्या वाकळंला गोट आता तुमची हुसेनबीच घालंल. तिला म्हणावं, ढोकीच्या बाईनं बोलावलंय. माझ्या घरच्या तीन वाकळा पडल्यात, त्या बी तिलाच करायच्या. आन चार दिवस हितंच राहू द्या तिला, गल्लीतल्या बायका शिकतील." मग माझ्याकडे वळली. "तुला न्हाय बोलावलं."

परत आल्यावर अव्वा आधी दळणाच्या वेळेला ओट्यावर उभी राहिली आणि आल्या-गेल्या प्रत्येक बाईला तिनं खरं काय ते सांगितलं, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून. लेकीच्या अब्रूचा वगैरे काही विचार तिनं केला नाही. मग मी चाचीकडे गेले. मशीन झाकलेलंच होतं. मी ढोकीचा निरोप सांगितला आणि मग सगळं सांगितलं, खाली बघून, एका दमात.

चाची तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मालूम हाय," ती म्हणाली.

"कोनी सांगितलं?"

"कोन सांगंल? अंगठ्याखालून काठ फिरवला तवाच कळलं. कोरा कपडा आवाज करता. खळ होती त्यात."

"मग तवाच का बोलला न्हाईत, चाची?"

"तेरी अव्वा सामने बसली होती ना. तिच्यासमोर तुला झूठी कशी म्हनू?" तिनं ताटातला खडा उचलून बाहेर टाकला. "अक्का जायला दोन दिवस होते. मला वाटलं, घरी जाऊन तूच गुपचूप उसवशील. दोनों दिन मैं दार उघडं ठेवून बसली, की आत्ता येशील आणि म्हणशील, चाची, जरा मदत करा."

त्या दोन दिवसांत मी काय केलं होतं ते मला चांगलं आठवत होतं. ती वाकळ खांद्यावर टाकून मी घराघरात दाखवत हिंडले होते, आणि चाचीच्या उघड्या दारावरून चार वेळा गेले होते.